बायपासआधीचे तीन आठवडे

पत्र : माझे बाबा ५४ वर्षांचे. आम्ही गोव्यात डिचोली तालुक्यात राहतो. बाबांना ११ वर्षं मधुमेह आहे, आतापर्यंत गोळ्यांवर होते. चढावर चालताना छातीत दुखू लागलं म्हणून अँजिओग्राफी केली, तर तिन्ही नळ्यांत अडथळे निघाले. हृदयाचं पंपिंग ४५ टक्के, मूत्रपिंडाच्या तपासणीत क्रिएटिनिन १.३. बायपास सांगितलं आहे, पण एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, ९.४ आला म्हणून तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली आणि इन्शुलिन सुरू केलं. बाबा दिवसाला सहा-सात सिगारेटी ओढतात, तंबाखूही मळतात आणि संध्याकाळचे फेणीचे दोन पेग ठरलेले. काका म्हणतात, ‘ऑपरेशन झालं की नळ्या नव्या. मग साखरेसाठी कशाला थांबायचं? त्यापेक्षा स्टेंट टाकून मोकळे व्हा.’ आम्ही थांबावं का? या दिवसांत घरी काय करायचं? आणि ऑपरेशननंतर गोळ्या किती दिवस घ्याव्या लागतात?

उत्तर : ताई, थांबा. छातीतलं दुखणं फक्त श्रमाने येत असेल आणि बसल्यावर दोन-चार मिनिटांत जात असेल, तर साखर आवरण्यासाठी तीन आठवडे घेण्याचा सर्जनांचा निर्णय योग्य आहे. मात्र दुखणं बसल्याजागी येऊ लागलं, रात्री झोपेतून उठवू लागलं किंवा आधीपेक्षा कमी चालण्यावर येऊ लागलं, तर तारखेची वाट पाहू नका. जिभेखालची गोळी दिली असेल तर बाबांना बसवून ती द्या. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर १०८ ला फोन करा. स्वतःच्या गाडीतून हॉस्पिटल शोधत फिरण्यात वेळ जातो आणि वाटेत हृदयाचे ठोके बिघडले तर गाडीत काहीच करता येत नाही.

काकांचा आधी स्टेंटचा प्रश्न घेऊ. मधुमेह आणि एकाहून जास्त नळ्यांत अडथळे, अशा १९०० रुग्णांवरचा ‘फ्रीडम’ नावाचा मोठा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काही ना काही झालेल्यांचं प्रमाण स्टेंटवाल्यांत २६.६ टक्के होतं, बायपासवाल्यांत १८.७ टक्के. पक्षाघात मात्र बायपासच्या गटात जास्त होते, हेही सांगायला हवं. स्टेंट नळीतली एक जागा उघडतो. मधुमेहात नळी लांबवर खराब झालेली असते आणि पुढचा अडथळा स्टेंटच्या अलीकडे-पलीकडे तयार होऊ शकतो. बायपासची जोडणी त्या सगळ्या खराब पट्ट्याच्या पुढे होते. बाबांच्या बाबतीत बायपास सुचवलं ते याच हिशेबाने.

आता ‘नळ्या नव्या’ या समजुतीकडे येऊ, कारण घरातल्या पुढच्या सगळ्या चुका तिथूनच निघतात. बायपासमध्ये जुनी नळी साफ करत नाहीत, ती आहे तशीच राहते. तिला वळसा घालून दुसरी वाहिनी जोडतात. छातीच्या आतल्या डाव्या बाजूची धमनी बहुधा हृदयाच्या पुढच्या मुख्य नळीला जोडली जाते आणि बाकीच्या जोडण्यांना सहसा पायातली शीर घेतात. छातीतली ती धमनी दहा वर्षांनीही दहापैकी नऊ जणांत उघडी असते. पायातल्या शिरांपैकी दहा वर्षांत जवळपास निम्म्या बंद किंवा खराब होतात. पायात शिरेला अगदी थोडा दाब सोसायची सवय असते. हृदयावर जोडल्यावर तिला धमनीचा पूर्ण दाब मिळतो. मग ती आतून जाड होते आणि त्या जाड थरात चरबी मूळ नळीपेक्षाही लवकर साचते. ज्या साखरेने, तंबाखूने आणि कोलेस्टेरॉलने जुन्या नळ्या घालवल्या, तेच नव्या जोडणीवर पहिल्या दिवसापासून काम सुरू करतात.

म्हणून धोक्याचे घटक दोन वेगळ्या काळांसाठी वेगळे पाहा. ऑपरेशनचा धोका मोजायला जगभर वापरतात त्या ‘युरोस्कोर २’ या गणितात वय, मूत्रपिंडाचं काम, पंपिंग, फुप्फुसाचा जुना आजार, नुकताच आलेला हार्ट अटॅक, ऑपरेशन किती घाईचं आहे, इन्शुलिनवरचा मधुमेह, अशा गोष्टी आहेत. कोलेस्टेरॉल त्यात नाही. ऑपरेशनच्या महिन्यात ते फारसं काही ठरवत नाही, पण पुढच्या वर्षांत ते बरंच काही ठरवतं. साखर आणि तंबाखू मात्र दोन्हीकडे घात करतात. आणि त्या यादीत इन्शुलिनचं नाव पाहून घाबरू नका. इन्शुलिन लागतं म्हणजे मधुमेह जुना आणि मुरलेला आहे, एवढंच ते नाव सांगतं. इन्शुलिन घेतल्याने धोका वाढतो असा त्याचा अर्थ नाही. ऑपरेशनसाठी सुरू केलेलं इन्शुलिन पुढे कायम राहतंच असंही नाही. बऱ्याच जणांचं काही आठवड्यांनी कमी होतं किंवा सुटतं.

साखर चढलेली असली की पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत आणि जखम भरायला वेळ लागतो. बायपासमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापून शेवटी स्टीलच्या तारांनी बांधतात. या हाडाखाली जंतुसंसर्ग झाला तर पुन्हा ऑपरेशन, आठवडेच्या आठवडे अँटिबायोटिक आणि जीवाला धोका. तो क्वचित होतो, पण मधुमेही, लठ्ठ आणि धूम्रपान करणाऱ्यांत जास्त होतो. तुम्हाला दिलेले तीन आठवडे मुख्यतः हे टाळण्यासाठी आहेत.

एचबीए१सीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतो. तीन आठवड्यांत तो ९.४ वरून ७ वर येणारच नाही. पुन्हा तपासून निराश होऊ नका. घरच्या ग्लुकोमीटरवर रोजची साखर लिहा : सकाळी उपाशीपोटी ८० ते १३०, जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी १८० च्या आत. हे आकडे सलग आठ-दहा दिवस मिळाले तर सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही पुरेसं असतं. घाईने इन्शुलिन वाढवून किंवा जेवण तोडून साखर ७० च्या खाली नेणं हृदयाच्या रुग्णाला जास्त घातक. घाम, थरथर, गोंधळ दिसला की तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.

बाबांच्या गोळ्यांच्या पाकिटांवरची नावं आजच एका कागदावर उतरवा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असं नाव दिसलं तर सर्जनांच्या टीमला ठळकपणे सांगा. मधुमेहाची ही औषधं हृदयासाठी चांगली आहेत, पण ऑपरेशनच्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात. उपास आणि शस्त्रक्रियेचा ताण यांत त्यांच्यामुळे रक्तात आम्ल साचू शकतं, तेही साखर जवळजवळ नॉर्मल दिसत असताना, त्यामुळे ते पटकन लक्षात येत नाही. एकत्रित गोळीत हे नाव बारीक अक्षरांत मागच्या बाजूला असतं. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ते साधारण पाच दिवस आधी बंद करतात, टिकाग्रेलोर तीन ते पाच दिवस, प्रासुग्रेल सात दिवस. ॲस्पिरिन मात्र बहुतेक वेळा चालूच ठेवतात. इथे घरोघर होणारी चूक म्हणजे ‘रक्त पातळ करणारी गोळी बंद करा’ असं ऐकून सगळीच पाकिटं बाजूला ठेवणं. मेटोप्रोलॉलसारखी ठोके आवरणारी गोळी अचानक बंद केली तर ठोके आणि दाब उसळतात. कोणती गोळी, कोणत्या तारखेपासून, हे डॉक्टरांकडून त्या कागदावरच लिहून घ्या.

क्रिएटिनिन १.३ हा आकडा लॅबच्या रकान्यात जेमतेम बसतो, म्हणून कोणी काही बोलत नाही. ५४ वर्षांच्या पुरुषात त्याचा अर्थ मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता साधारण ६५, म्हणजे उतरणीला लागलेली. त्यात अँजिओग्राफीचं रंगद्रव्य नुकतंच जाऊन आलं आहे. त्यानंतर क्रिएटिनिन पुन्हा तपासलं आहे ना ते विचारा, लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिनही पाहायला सांगा. सांधे-पाठ दुखतात म्हणून फार्मसीतून आणलेली डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारखी गोळी या तीन आठवड्यांत अजिबात नको. मूत्रपिंडाला ती मारक आहेच, बायपासच्या आगेमागे हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोकाही वाढवते. दुखलं तर पॅरासिटामॉल. हिमोग्लोबिन १३ च्या खाली असेल तर त्याचंही कारण आत्ताच शोधायला हवं. ऑपरेशनात रक्त जातंच.

आणखी एक साधी गोष्ट : दोन्ही हातांचा रक्तदाब मोजलाय का? छातीतली ती मोलाची धमनी डाव्या हाताकडे जाणाऱ्या मोठ्या नळीतून निघते. डाव्या हाताचा वरचा आकडा उजव्यापेक्षा १५-२० ने कमी येत असेल तर त्या मोठ्या नळीतच अडथळा असू शकतो. मग जोडलेल्या धमनीलाही रक्त कमी मिळेल. हे आधी कळलं तर सर्जन तपासून योजना बदलू शकतात. मोजायला दोन मिनिटं लागतात.

सिगारेटचं. आधी चार आठवडे सोडलेली असेल तर फुप्फुसाचा त्रास सगळ्यात कमी होतो. तुमच्याकडे तीनच आहेत, म्हणून आजपासून. ‘ऑपरेशन जवळ आल्यावर सोडली तर कफ वाढतो, त्यापेक्षा ओढू द्या’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत रक्तातून जातो आणि हृदयाला मिळणारा ऑक्सिजन तेवढ्यानेच वाढतो. सिगारेट सोडून तंबाखू जास्त मळणं म्हणजे सोडणं नव्हे. निकोटिन तोंडातून गेलं तरी नळ्या आवळतं आणि ठोके वाढवतं. पहिले तीन दिवस सगळ्यात कठीण, चिडचिड होणार, झोप मोडणार. घरातल्यांनी ते तीन दिवस वाद न घालता काढावेत. निकोटिनच्या च्युइंगगमचा उपयोग होतो, पण हृदयाच्या रुग्णाने ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेची मोफत लाइन आहे, तिथे समुपदेशक बोलतात.

फेणीबद्दल स्पष्ट लिहितो, कारण हे लाजेने लपवलं जातं आणि त्याची किंमत आयसीयूत मोजावी लागते. फेणीत चाळीस टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असतं. रोज पिणाऱ्याची दारू ऑपरेशनमुळे एकदम तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथर, भ्रम, आरडाओरडा, नळ्या उपटणं असं होऊ शकतं. छातीचं हाड ताजं जोडलेलं असताना असा माणूस झटापट करू लागला तर तारा सैल होतात. भूलतज्ज्ञांना खरं प्रमाण सांगा : किती पेग, केवढा पेग, किती वर्षं. ‘कधीतरी घेतात’ असं सांगू नका. घरच्या घरी एका दिवसात बंद करणंही रोज पिणाऱ्याला धोक्याचं ठरू शकतं. डॉक्टरांना सांगून, गरज असेल तर औषधाच्या आधाराने या तीन आठवड्यांतच ती बंद करा. बायपासनंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दहापैकी तिघांचे ठोके अनियमित होतात, आणि दारू त्यात भर घालते.

रिकामा वेळ श्वासाच्या सरावाला द्या. तीन रंगीत गोळ्यांचा स्पायरोमीटर कुठल्याही फार्मसीत मिळतो. त्यात फुंकायचं नसतं, तोंडाने हळू हवा आत ओढायची आणि गोळ्या वर असताना तीन ते पाच सेकंद धरायच्या. जागेपणी दर तासाला दहा वेळा. ऑपरेशननंतर छाती दुखत असताना हे शिकणं जमत नाही, आधी हातात बसलेलं असावं. छातीशी उशी घट्ट धरून खोकायचा सरावही आताच करून घ्या.

जेवण. नारळ आणि मासळी तोडा असं मी सांगणार नाही. घरातला माणूस चार दिवस पाळतो आणि पाचव्या दिवशी सगळंच सोडतो. बांगडा, तारली ही चांगली मासळी आहे, तळण्याऐवजी हुमण (कालवण) किंवा आंबट-तिखट करून खावी. नारळाच्या घट्ट रसात चरबीचा वाईट प्रकार भरपूर असतो. म्हणून कोडीत (आमटीत) नारळ निम्मा करा आणि भाताचा डोंगर कमी करून त्या जागी भाजी वाढवा. उकड्या तांदळाची पेज हलकी वाटते पण तीही साखर चढवते, वाटी मोजूनच घ्यायची. खरं लक्ष मिठाकडे हवं. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान सपाट चमचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा घराघरांत खारे बांगडे आणि सुकी सुंगटं (कोळंबी) निघतात. एका खाऱ्या बांगड्यात दिवसभराचं मीठ सहज जातं. भिजवून पाणी टाकलं तरी बरंच उरतं. पंपिंग ४५ टक्के असलेल्या माणसाच्या पायावर सूज आणि दम याच दिवसांत वाढतो. चोरिस (गोव्याचं सॉसेज), लोणचं, पापड यांचंही तेच. ‘लो सोडियम’ मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि मूत्रपिंड नाजूक असताना रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची गोळी चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं.

खर्चाचं थोडक्यात. गोवा सरकारच्या दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालू आहे का, नूतनीकरण राहिलंय का, ते आत्ताच बघा. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक जणांना चार लाखांचं कवच आहे. हॉस्पिटल यादीत आहे का आणि पूर्वमंजुरी कोण घेतं, हे दाखल होण्याआधी विचारून ठेवा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, गोळ्या किती दिवस. ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन जन्मभर. बाबांचं पंपिंग आणि मधुमेह पाहता ठोक्यांची गोळी आणि रामिप्रिल गटातली गोळीही बहुधा बराच काळ राहील. एखादी दुसरी रक्त पातळ करणारी गोळी काही महिने ते वर्षभर देतात, ते डॉक्टर ठरवतील.

स्टॅटिनबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो लॅबच्या कागदामुळे. त्यावर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलसमोर ‘१०० च्या खाली’ असं काहीतरी छापलेलं असतं. बाबांचं ९२ आलं की घरात आनंद होतो आणि गोळी अर्धी होते. ती रेघ निरोगी माणसासाठी आहे. बायपास झालेल्याचं एलडीएल ७० च्या खाली हवंच, आणि मधुमेहासह असेल तर ५५ च्या खाली नेण्याचा प्रयत्न करतात. का, ते बायपास झालेल्यांवरच्या, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसतं. जोर लावून एलडीएल शंभराच्या खाली आणलेल्या गटात २७ टक्के जोडण्यांमधला आजार पुढे सरकला, १३० च्या आसपास ठेवलेल्या गटात ३९ टक्के. त्यासाठी ॲटोर्वास्टॅटिन ४० ते ८० किंवा रोसुवास्टॅटिन २० ते ४० मिलिग्रॅम लागतं आणि तरी आकडा उतरला नाही तर एझेटिमाइब १० मिलिग्रॅम जोडतात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत एलडीएल आपोआप खाली आलेलं दिसतं, त्यावर विश्वास ठेवू नका. सहा ते आठ आठवड्यांनी तपासा. स्नायू दुखले तर गोळी परस्पर बंद न करता सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) करून डॉक्टरांशी बोला. बऱ्याचदा डोस किंवा औषध बदललं की भागतं.

रक्तदाब १३०/८० च्या खाली. पाच मिनिटं टेकून बसून, दंड उघडा, हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर, आधी अर्धा तास चहा नाही. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहायचे. कमरेचा घेर बेंबीच्या पातळीवर ९० सेंटिमीटरच्या आत आणायचा आहे. हे काम महिन्यांचं आहे, ऑपरेशनआधी वजन उतरवण्याच्या मागे लागू नका.

घरी आल्यावर पाच-पाच मिनिटं दिवसातून तीन-चार वेळा चालणं, रोज मिनिट-दोन मिनिटं वाढवत सहा आठवड्यांत सलग अर्ध्या तासापर्यंत. चालताना बोलता येत असेल तर वेग बरोबर. भर उन्हात आणि चढावर नको. हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, पूर्ण घट्ट व्हायला तीन महिने. तोवर दोन-तीन किलोंहून जड काही नाही : विहिरीचं पाणी ओढणं नाही, भरलेली कळशी नाही, स्कूटर मधल्या स्टँडवर चढवणं तर नाहीच. छातीत हाड ‘कट्’ वाजल्यासारखं वाटलं, जखमेतून पाणी आलं, ताप ३८ अंश सेल्सिअसच्या (१००.४ फॅरेनहाइट) वर गेला किंवा दोन दिवसांत वजन दीड-दोन किलो वाढलं, तर त्याच दिवशी दाखवा. आणि बाबा दोन-तीन आठवड्यांनंतरही गप्प, उदास, जेवणावर मन नसलेले दिसले तर ‘अशक्तपणा आहे’ म्हणून सोडून देऊ नका. बायपासनंतर साधारण पाचांत एकाला नैराश्य येतं. ते आलेला माणूस गोळ्या चुकवतो, चालणं सोडतो आणि सिगारेटकडे परत वळतो. त्यावर उपचार आहेत.

बाबांचा आजार ५५ च्या आत निघाला आहे, आणि यामुळे तुम्ही भावंडंही जास्त धोक्याच्या गटात येता. वय विशीचं असलं तरी प्रत्येकाने एकदा साखर, रक्तदाब आणि लिपिड तपासून घ्यावं. त्याच रक्तात लिपोप्रोटीन-ए ही आयुष्यात एकदा करायची तपासणीही करा. ती पातळी जन्मतः ठरलेली असते, आहाराने बदलत नाही. डेसिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर निघाली तर एलडीएलची रेघ त्या भावंडासाठी लहान वयापासूनच खाली आणावी लागते. बाबांना भरती करायला जाल त्याआधी हे रक्त देऊन या.